करंगळीचा निरोप

कोपर दाराच्या चौकटीवर किंवा टेबलाच्या कडेवर आपटले की हातातून वीज सळसळत गेल्याचा भास होतो. झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत पोहोचतात आणि हातातील वस्तू क्षणभर धरवत नाही. तेथील हाड नाजूक असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या झिणझिण्या हाडाच्या नसतात. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाचा जो उंचवटा बोटांना लागतो, त्याच्या मागील खाचेतून एक मज्जातंतू जातो. तेथे त्याच्यावर मांसाचे किंवा चरबीचे पुरेसे पांघरूण नसते; वर कातडी, मध्ये मज्जातंतू आणि खाली थेट हाड. आपटल्यावर तो चेपला जातो. वैद्यकात त्याला ‘अल्नर नर्व्ह’ म्हणतात.

‘अल्ना’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ कोपर किंवा कोपरापुढील हात. मीटर रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे कापड ‘हाता’ने मोजले जाई. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक हात, साधारण दीड फूट. युरोपातील कापडव्यापाऱ्यांचे ‘एल’ हे जुने मापही याच शब्दकुळातील आहे. हाताचा जो भाग पूर्वी माप म्हणून वापरला जाई, त्याच्याच कडेने हा मज्जातंतू करंगळीपर्यंत जातो.

त्याची ओळख करून घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. ‘हाताला मुंग्या येतात’ ही तक्रार व्यापारी कुटुंबांत नित्य ऐकू येते. शाकाहारी घरांत तिचे उत्तर बहुधा तयार असते : बी-१२ कमी झाले असेल, गोळ्या सुरू करा. शाकाहारात हे जीवनसत्त्व कमी पडू शकते, हे खरेच आहे आणि त्याची तपासणी करणेही योग्यच. परंतु बी-१२ च्या कमतरतेतील किंवा मधुमेहातील मुंग्या बहुतेक वेळा दोन्ही पायांपासून आणि दोन्ही बाजूंना सारख्या सुरू होतात. एकाच हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल, तर ती तक्रार निराळी असते. ती बहुधा कोपराकडून आलेली असते, आणि तिला मुदत असते. ती मुदत कशी ठरते, हे समजण्यासाठी या मज्जातंतूचा मार्ग पाहणे आवश्यक आहे.

मानेपासून बोटांपर्यंत

मज्जातंतू ही एकच तार नसते. तो हजारो सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो. काही तंतू मेंदूकडील आज्ञा स्नायूंपर्यंत नेतात, काही कातडीवरील स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता मेंदूकडे आणतात. अल्नर मज्जातंतूत दोन्ही प्रकारचे तंतू आहेत. त्याचे मूळ मानेच्या तळाशी, मुख्यतः मानेच्या आठव्या आणि छातीच्या पहिल्या मज्जामुळांत आहे. तेथून निघालेले तंतू काखेत इतर मज्जातंतूंच्या जाळ्यातून वाट काढतात आणि दंडाच्या आतल्या बाजूने, मोठ्या रक्तवाहिनीच्या सोबतीने खाली उतरतात. दंडाच्या मध्यावर हा मज्जातंतू रक्तवाहिनीची साथ सोडून मागील बाजूस वळतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दंडातील एकाही स्नायूला तो शाखा देत नाही. त्याचे सारे काम कोपराच्या पुढे आहे.

कोपरामागील खाचेतून जाताना त्याच्यावर एक चिवट पट्टी ताणलेली असते. खाली हाड, वर पट्टी, असा तो एक लहानसा बोगदाच होय. हात सरळ असतो तेव्हा या बोगद्यात पुरेशी जागा असते. कोपर दुमडले की पट्टी ताणली जाते, जागा आक्रसते आणि मज्जातंतूलाही वळसा घालून जावे लागत असल्यामुळे त्याच्यावर ताण येतो. कोपर जितके अधिक दुमडलेले, तितका दाब अधिक.

कोपर ओलांडल्यावर तो हाताच्या करंगळीकडील कडेने, स्नायूंच्या आडोशाने मनगटाकडे जातो. वाटेत मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूला आणि अनामिका व करंगळी मुडपणाऱ्या खोल स्नायूच्या अर्ध्या भागाला तो शाखा देतो. पोत्याची गाठ किंवा सामानाची पेटी घट्ट धरून ठेवण्यात या दोन बोटांचा वाटा मोठा असतो. मनगटाच्या सुमारे ५ सेंटिमीटर अलीकडे त्याची एक शाखा हाताच्या पाठीकडे वळते. मनगटापाशी तो आणखी एका अरुंद वाटेतून पंज्यात शिरतो. या वाटेचे वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स गियाँ यांनी १८६१ मध्ये केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. तेथे त्याचे दोन भाग होतात. वरचा भाग करंगळीला आणि अनामिकेच्या करंगळीकडील अर्ध्या भागाला संवेदना देतो. खोल भाग तळव्याच्या आतून आडवा वळत पार अंगठ्याच्या मुळाशी पोहोचतो.

अनामिकेची ही वाटणी वैद्यांच्या मोठ्या उपयोगाची आहे. बहुतेक माणसांत या बोटाची एक कड अल्नर मज्जातंतूच्या आणि दुसरी कड तळव्याच्या मधोमध येणाऱ्या मीडियन मज्जातंतूच्या ताब्यात असते. एकाच बोटाच्या दोन कडांना कापसाचा बोळा निरनिराळा जाणवू लागला, तर बिघाड मानेपेक्षा हातातील मज्जातंतूत असण्याचा संभव वाढतो.

चौदा-पंधरा कारागीर

पंज्यात सुमारे वीस लहान स्नायू असतात. त्यांपैकी चौदा-पंधरा एकट्या अल्नर मज्जातंतूच्या आज्ञेत आहेत. करंगळीच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा त्यांतच येतो. तळव्याच्या हाडांमधील सात स्नायूही त्याचेच. बोटे एकमेकांपासून फाकवणे आणि पुन्हा जवळ आणणे हे त्यांचे काम. अंगठा तर्जनीकडे ओढून धरणारा स्नायूदेखील त्याच्याच अखत्यारीत आहे. किल्ली फिरवणे, कात्री चालवणे, सुतळीची गाठ मारणे, शर्टाचे बटण लावणे, नोटांची चळत एका हातात पसरून दुसऱ्या हाताने मोजणे, पावतीवर लहान अक्षरात लिहिणे, ही कामे मुख्यतः या छोट्या कारागिरांच्या बळावर होतात. हाताला ताकद देणारे मोठे स्नायू कोपराखाली आहेत, पण हाताला कसब देणारे हे आहेत.

अंगठ्याच्या या स्नायूची परीक्षा फ्रेंच मज्जातज्ज्ञ ज्यूल फ्रोमाँ यांनी १९१५ मध्ये वर्णिली. पहिल्या महायुद्धात हातांना इजा झालेले सैनिक तेव्हा मोठ्या संख्येने रुग्णालयांत येत होते. परीक्षा अगदी साधी आहे. दोन्ही हातांत अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये एक कागद धरायचा आणि तो दोन्हीकडे ओढायचा. निरोगी अंगठा सरळ राहून कागद दाबून धरतो. अल्नर मज्जातंतू दुबळा झाला असेल, तर त्या बाजूचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकतो. कारण मूळ स्नायू काम करीनासा झाल्यामुळे मीडियन मज्जातंतूच्या आज्ञेतील दुसरा स्नायू त्याच्या जागी उभा राहतो आणि अंगठ्याचे टोक वाकवून कागद कसाबसा धरतो. फ्रोमाँ यांनी त्यासाठी वर्तमानपत्र वापरले. कोरी नोट किंवा बिलाचा कागदही चालतो.

दुसरी एक खूण घरातही सहज ध्यानी येते. करंगळी इतर बोटांजवळ न राहता थोडी बाहेर फाकलेली राहते आणि खिशात हात घालताना कडेला अडकते. तिसरी खूण सर्वांत उशिरा दिसते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील, हाताच्या पाठीवरचा मांसल भाग खोलगट होतो आणि तळव्याच्या हाडांमध्ये चर पडल्यासारखे दिसू लागतात. ‘वय झाले, हात वाळले’ असे म्हणून हे सोडून दिले जाते. वयाने दोन्ही हात सारखे वाळतात. एकच हात वाळत असेल, तर त्याला वय हे कारण पुरेसे नाही.

दाब कोठे पडतो

दाबामुळे दुखावणाऱ्या हाताच्या मज्जातंतूंत पहिला क्रमांक मनगटातील मीडियन मज्जातंतूचा आणि दुसरा कोपरातील अल्नर मज्जातंतूचा लागतो. व्यापारी जीवनक्रमात या दुसऱ्या विकाराला पोषक अशा सवयी पुष्कळ आहेत. काउंटरच्या काचेवर किंवा लाकडी कडेवर कोपर टेकवून तासन्‌तास बसणे ही पहिली. दुमडलेल्या हाताने फोन कानाशी धरून लांबलचक सौदे करणे ही दुसरी. हात उशाखाली किंवा छातीशी घट्ट दुमडून झोपणे ही तिसरी. आणि ती सर्वांत दुर्लक्षित, कारण झोपेत दाब जाणवत नाही आणि तो चार-सहा तास टिकतो. पहाटे करंगळी बधिर होऊन जाग येणे, हा या विकाराचा नेहमीचा आरंभ होय. ज्यांना मधुमेह आहे त्यांचे मज्जातंतू आधीच नाजूक झालेले असतात. त्यांना थोडा दाबही अधिक बाधतो.

एक कारण बालपणातूनही येते. लहानपणी कोपराचे हाड मोडून ते तिरपे जुळले, तर हात बाहेरच्या बाजूस झुकलेला राहतो आणि मज्जातंतू प्रत्येक हालचालीत ताणला जातो. त्याचा परिणाम वीस-पंचवीस वर्षांनीही दिसू शकतो. फोतिनोस पानास यांनी १८७८ मध्ये अशा उशिरा आलेल्या दुर्बलतेचे वर्णन केले. म्हणून डॉक्टर कोपराच्या जुन्या दुखापतीबद्दल विचारतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना आठवून सांगणे उपयोगी पडते.

दाब कोपरात आहे की मनगटात, हे ओळखण्याची युक्ती त्या हाताच्या पाठीकडे वळणाऱ्या शाखेत आहे. ती मनगटाच्या अलीकडेच फुटते. त्यामुळे करंगळीबरोबर हाताच्या पाठीची त्या बाजूची कातडीही बधिर असेल, तर बिघाड शाखा फुटण्याच्या आधी, म्हणजे बहुधा कोपरात. पाठ ठीक आणि केवळ तळव्याकडील बाजू बधिर असेल, तर बिघाड बहुधा मनगटात. खतावणीतील चूक नेमकी कोणत्या पानानंतर सुरू झाली, हे जमाखर्च तपासणारा जसे मागे मागे जाऊन शोधतो, तसाच हा शोध असतो. सायकलच्या दांड्यावर तळवा दाबून दूर अंतरे कापणाऱ्यांना मनगटातील दाबाचा त्रास होतो, तो याच प्रकारचा.

दिवसाला एक मिलिमीटर

आता मुदतीचा प्रश्न. प्रत्येक मज्जातंतूतील जाड तंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे एक आवरण असते. दाब पडू लागला की प्रथम या आवरणाला इजा होते. निरोप मंदावतो, मुंग्या येतात. परंतु आतील तंतू शाबूत असतो. या टप्प्यावर दाब दूर झाला, तर आवरण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते आणि हात पूर्ववत होतो. दाब चालूच राहिला, तर आतील तंतूच तुटू लागतात. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग मरतो आणि त्याला इजेच्या जागेपासून नव्याने वाढत जावे लागते. ही वाढ सर्वसाधारणपणे दिवसाला १ मिलिमीटर या गतीने होते.

येथे हिशेब मांडून पाहावा. कोपरापासून पंज्यातील लहान स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर. दिवसाला १ मिलिमीटर धरले तर नव्या तंतूला तेथे पोहोचण्यास ३०० दिवस, म्हणजे दहा महिने लागतात. इकडे आज्ञा न मिळणारा स्नायू अनंत काळ वाट पाहत नाही. साधारण एक ते दीड वर्ष आज्ञेविना गेले की तो वाळून त्याच्या जागी तंतुमय ऊतक आणि चरबी भरू लागते. मग तंतू पोहोचला तरी त्याचा स्नायूला फारसा उपयोग होत नाही. दीड वर्षातून दहा महिने वजा केले की हाती उरतात जेमतेम आठ. स्नायू वाळू लागल्यानंतर सहा महिने गोळ्या, सहा महिने तेल-मालीश आणि मग तपासणी, असा क्रम ठेवणाऱ्याची शिल्लक डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच संपलेली असते. संवेदना त्यानंतरही काही अंशी परत येऊ शकते, पण कसब परतणे कठीण.

बोटे वाकतात तेव्हा

हा मज्जातंतू पूर्णपणे निकामी झाला की करंगळी आणि अनामिका मुळाशी मागे ताणल्या जातात आणि पुढच्या सांध्यांत आत वाकतात. हाताला पक्ष्याच्या नखीसारखा आकार येतो. यात एक चकवा आहे. इजा मनगटापाशी असेल तर बोटे अधिक वाकलेली दिसतात. कोपरापाशी असेल तर कमी. कारण कोपरापाशी इजा झाली की बोटे मुडपणारा खोल स्नायूही दुबळा होतो आणि बोटांना वाकवणारे बळच कमी पडते. नुकसान जास्त, पण दिसायला कमी. उपचारानंतर हा खोल स्नायू आधी शुद्धीवर येतो, तेव्हा बोटे काही काळ अधिक वाकलेली दिसतात. ते सुधारणेचे चिन्ह असू शकते. घरच्यांनी घाबरून उपचार मध्येच सोडू नयेत.

वाकलेली बोटे भारतात शतकानुशतके ओळखली गेली ती कुष्ठरोगामुळे. या रोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात आणि कोपराच्या जरा वर, कातडीलगत असलेला अल्नर मज्जातंतू त्यांच्या तावडीत सापडतो. तो सुजून जाड होतो आणि बोटांनी चाचपता येतो. रोगाचा जंतू गेर्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला, तरी वाकलेली बोटे हे पूर्वकर्माचे फळ मानून अशा माणसांना घराबाहेर काढण्याची रीत दीर्घकाळ चालूच राहिली. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींची गांधीजींनी स्वहस्ते केलेली शुश्रूषा आणि वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी उभे केलेले आनंदवन ही महाराष्ट्राला ठाऊक असलेली उत्तरे आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी शल्यचिकित्सेतून दुसरे उत्तर दिले. शाबूत असलेल्या स्नायूचा स्नायुबंध वळवून तो वाकलेल्या बोटांना जोडण्याची त्यांची शस्त्रक्रिया अनेकांना पुन्हा कामावर घेऊन गेली. बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, तर वेदना न जाणवल्याने होणाऱ्या भाजण्या-कापण्याच्या जखमांमुळे, हेही त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले.

आज बहुऔषधी उपचारांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि शासकीय आरोग्य केंद्रांत ती औषधे विनामूल्य मिळतात. करंगळीच्या बधिरतेबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न जाणवणारा चट्टा असेल, तर तो डॉक्टरांना दाखवण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दुकानातील किंवा घरातील नोकरमाणसाच्या हातावर तो दिसला, तर त्याला कामावरून दूर करण्याऐवजी दवाखान्यात नेणे हेच योग्य.

काय करावे

सौम्य तक्रारीत दाब काढणे हाच पहिला उपचार आहे. काउंटरवर कोपर टेकवायचे थांबवावे किंवा खाली मऊ गादी ठेवावी. फोन कानाशी धरण्याऐवजी इअरफोन वापरावा. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून बांधावा, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडत नाही. एवढ्याने अनेकांना आराम पडतो. बधिरता काही आठवडे टिकून राहिली, पकड ढिली झाली किंवा कागदाच्या परीक्षेत अंगठा वाकला, तर हाडांच्या अथवा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जावे. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजणारी ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी बिघाडाची जागा आणि तीव्रता सांगते. मानेतील मणक्यापाशी दाब आहे काय, हेही डॉक्टर पाहतात. आवश्यक तर बोगद्यावरील पट्टी कापून मज्जातंतू मोकळा करतात, किंवा तो खाचेतून काढून कोपराच्या पुढील बाजूस बसवतात.

एका बाबतीत मात्र आठवड्यांची नव्हे, मिनिटांची घाई हवी. हृदयविकारातील वेदनाही डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत येऊ शकते. छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ यांच्यासोबत डावा हात दुखू वा जड वाटू लागला, तर कोपराचा विचार बाजूला ठेवून त्वरित रुग्णालय गाठावे.

घरातील ज्येष्ठांचे दोन्ही हात महिन्यातून एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांस दोन्हीकडे सारखे आहे का, करंगळी जवळ येते का, अनामिकेच्या दोन कडांना कापूस सारखा जाणवतो का, आणि कागद ओढताना अंगठा सरळ राहतो का, एवढे चार प्रश्न पुरेत. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी.